अकरा सारखे वाटे

बकऱ्याला पाय चार असतात आणि आमची घरं अकरा. पुढे जे घडलं त्याचं मूळ या दोन आकड्यांत आहे, माझ्यात नाही, हे सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो.

बेंगळुरूत युगादीला होळिगे होते, म्हणजे आपली पुरणपोळी, आणि दुसऱ्या दिवशी तोडकू. तोडकूला निम्मं शहर मटणाच्या दुकानांसमोर रांगेत उभं असतं. आम्ही रांगेत उभे राहत नाही. आमच्या भावकीतली अकरा घरं मिळून एक दांडगा बकरा घेतात आणि त्याचे वाटे घालतात. जमिनीवर केळीची पानं मांडायची, प्रत्येक पानावर थोडं पुठ्ठ्याचं, थोडी चाप, कलेजीचा तुकडा, थोडी हाडं. वडील, म्हणजे अण्णा, होते तोवर ते हे काम डोळ्यांनी करत. ढिगांभोवती एक चक्कर मारत, इथला तुकडा उचलून तिथे ठेवत, शेवटी पहिल्या पानावर एक नळी आडवी ठेवत. नळी ठेवली की वाटे संपले असं समजायचं. पूर्णविराम द्यावा तसं.

अण्णांनंतर हे काम माझ्याकडे आलं. मी इथल्या एका इंग्रजी दैनिकाच्या डेस्कवर चौतीस वर्षं काढली आणि अचूकपणाबद्दल माझं थोडंफार नाव आहे. मी वाटे घालत होतो तोवर कोणाची तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली ती सुधारणा झाल्यावर.

सुधारणा रघुनंदनने केली. रघुनंदन माझ्या बायकोचा, भाग्यलक्ष्मीचा, धाकटा भाऊ. होसकोटेच्या औद्योगिक वसाहतीत तो यंत्रांचे सुटे भाग पुरवतो आणि कुठल्याही गोष्टीकडे दोन मिनिटं पाहिलं की "भावजी, हे जरा बेटर करता येईल," असं म्हणतो. गेल्या तोडकूला तो म्हणाला की कोणता ढीग कोणाचा हे माणसाने ठरवणं योग्य नाही, त्यात पक्षपात होतो. त्याने मोबाइलवर नावं टाकली, बटण दाबलं, आणि मोबाइलने अकरा घरांना अकरा ढीग वाटून दिले. माझी थोरली बहीण वसुमतीअक्का हिच्या नावावर जो ढीग आला त्यात मांस कमी आणि मान, बरगड्या, पाठीचा कणा जास्त होता.

अक्काने ढिगाकडे पाहिलं. मग रघुनंदनकडे, मग माझ्याकडे. "सरी," ती म्हणाली. "हाडं मिळाली मला." डब्यात ढीग भरला, झाकण लावलं आणि होसकोटेच्या बसला गेली.

त्यानंतर ती आमच्या घरी आली नाही. गणपतीला नाही, दसऱ्याला नाही. माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तिने मुलाच्या हाती नारळ आणि हुळीचा, म्हणजे इकडच्या सांबाराचा, डबा पाठवला. स्वतः आली नाही. त्याआधी अक्का दर रविवारी के. आर. पुरमला आमच्याकडे यायची, खिडकीजवळच्या खुर्चीत बसून माझ्या वागण्यातल्या चुका काढायची आणि चार वाजता कॉफी पिऊन जायची. आईवडील गेल्यावर मला रागवणारं तेवढंच माणूस उरलं होतं. रविवार लांबायला लागले. भाग्यलक्ष्मीने ती खुर्ची हलवली नाही, पण तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायला लागली, आणि ते मला बघवत नव्हतं.

पुढचा तोडकू जवळ आला तेव्हा मी ठरवलं की या वर्षी अक्का आलीच पाहिजे. भाग्यलक्ष्मी कोथिंबीर निवडत होती.

"फोन करा आणि विचारा त्यांना काय लागलं ते," ती म्हणाली.

"विचारायचं काय? ती बोलली ते अकरा घरांनी ऐकलंय. तिला हाडं आली, त्याचा राग आहे."

"तरी विचारा."

"ज्याच्याबद्दल बातमी असते त्याला ती आधी दाखवत नाहीत."

"ही बातमी नव्हे. बहीण आहे तुमची."

मी वाद वाढवला नाही. योजना स्पष्ट होती. वाट्यांत हाड हा एकच घटक असा आहे की जो सारखा वाटता येत नाही. तेव्हा हाड काढून टाकायचं. उरेल ते निव्वळ मांस, आणि ते काट्यावर तोलून अकरा ठिकाणी तंतोतंत सारखं होईल. अडचण एवढीच होती की सुरा कितीही फिरवला तरी हाडाला मांस राहतं, आणि ते फेकून देणं आमच्या भावकीत शक्य नाही. एकवेळ जमिनीचा तुकडा सोडतील. म्हणजे हाडाला उरलेलं मांस सोडवण्याची पद्धत शोधणं आलं.

पहिला प्रयोग मी घरीच केला. पिराजीच्या दुकानातून बरगड्या आणल्या आणि स्वयंपाकघरात चमचा आणि सोलायचा सुरा घेऊन बसलो. दुपार त्यात गेली. मांस एक वाटीसुद्धा भरलं नाही, आणि त्यातलं थोडं माझ्या अंगठ्याचं असण्याची शक्यता होती.

अंगठ्याला पट्टी बांधून मी गॅलरीत उभा राहिलो, तर वरच्या मजल्यावरच्या शिवलीलाबाईंनी कठड्यावरून वाकून चौकशी केली. शिवलीलाबाई अथणीकडच्या. घरात मराठी आणि कानडी दोन्ही, आणि दोन्हींत शाकाहारी. त्यांचे यजमान नागनाथ आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी.

"आमच्यात चालत न्हाई," शिवलीलाबाई म्हणाल्या, "पण कुकरला सहा शिट्ट्या द्या. आपोआप सुटतंय की सगळं."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मोबाइलवर बघितलं. आमच्यात चालत न्हाई म्हणून बघूसुद्धा नये का?"

सहा शिट्ट्या दिल्या. मांस सुटलं हे खरं. पण ते शिजलेलं होतं, आणि शिजलेल्या मटणाचे वाटे घालायचे म्हणजे अकरा घरांना एकाच तिखटमिठावर आणायचं. आमची घरं मिठावरून मटणापेक्षा जास्त भांडलेली आहेत.

मग मी पिराजीकडे गेलो. पिराजी खाटीक. त्याचं घराणं आमच्यासारखंच कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. मराठी बोलतो, हिशेब कानडीत करतो. मी त्याला सभ्य भाषेत विचारलं, हाडाला राहिलेलं मांस पूर्ण काढायची काही युक्ती आहे का.

त्याने सत्तूर ओंडक्यात रोवला. "राहिलेलं म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही काढल्यावर जे उरतं ते."

"मी काढल्यावर उरतंय?" त्याने दुकानातल्या गिऱ्हाइकांकडे पाहिलं. "ऐका हो. माझा आजा या ओंडक्यावर बसला, बाप बसला. आणि आता पेपरवाले साहेब म्हणतात पिराजी हाडाला मांस ठेवतो."

"तसं नव्हे, शास्त्रीय दृष्ट्या प्रत्येक हाडाला..."

"मग शास्त्राकडनं कापून घ्या की."

गिऱ्हाइकांपैकी एकाने मान हलवली. मी चौतीस वर्षांत कोणाची बदनामी छापली नाही, आणि आता एका वाक्यात एका घराण्याची केली होती. तोडकूचा बकरा त्यानेच द्यावा म्हणून मला पुन्हा दोनदा त्या दुकानात जावं लागलं, आणि दोन्ही वेळा त्याने मला इतरांच्या मागे उभं केलं.

शेवटी रघुनंदनच मदतीला आला, आणि इथून पुढे गोष्ट माझ्या हातात राहिली नाही.

"भावजी, चमच्यानं काय करताय. याचं मशीन असतं."

त्याच्या ओळखीच्या एका कोंबडीच्या कारखान्यात असं यंत्र होतं. तंगड्या आणि छाती काढून घेतल्यावर कोंबडीचा जो सापळा उरतो त्याचं मांस ते यंत्र काढतं, आणि त्याचे सॉसेज होतात. ही यंत्रं विकणारा प्रणीत नावाचा तरुण महादेवपुऱ्यात राहत होता, पुण्याचा होता, आणि त्याच्याकडे दाखवायला ठेवलेलं एक छोटं यंत्र पडून होतं. तो रविवारी आला आणि नेमका अक्काच्या खुर्चीत बसला.

"सर, बेसिकली दोन टाइप्स आहेत," प्रणीत म्हणाला. "एक बेल्टवालं. भोकं असलेला ड्रम आणि रबरी बेल्ट, मधे मटीरियल दाबायचं. मांस सॉफ्ट असतं, ते भोकातनं आत जातं. हाड हार्ड, ते बाहेर राहतं. दुसरं स्क्रूवालं. आत मोठा स्क्रू फिरतो, त्याच्याभोवती बारीक भोकांची जाळी. स्क्रू हाडं पुढे ढकलतो, प्रेशर येतं, मांस जाळीतनं बाहेर, हाडांचा चुरा टोकातनं बाहेर. आपलं हे स्क्रूवालं."

"आणि मांस कसं दिसतं?"

त्याने शब्द शोधला. "स्मूथ," तो म्हणाला.

मी आणखी तपशील विचारले. जाळीची भोकं मिलिमीटरपेक्षाही बारीक होती. घर्षणाने माल तापतो आणि लवकर खराब होतो, म्हणून बर्फ लागतो. जास्त दाब दिला तर मांस जास्त निघतं, पण हाडाची भुकटीही त्यात उतरते. "त्यात कॅल्शियम असतं, सर," प्रणीत म्हणाला, "सो इट्स हेल्दी ओन्ली." बकऱ्याचं हाड कोंबडीच्या हाडाइतकं मऊ नसतं ही शंकाही मी काढली होती, हे कृपया लक्षात घ्यावं. "छोटे पीसेस करून टाकले की चालतं," तो म्हणाला. "नो टेन्शन."

ज्या माणसाने "नो टेन्शन" म्हटलं त्याच्याबरोबरचा करार तिथेच थांबवावा हे मला डेस्कवर शिकायला मिळायला हवं होतं.

यंत्राला थ्री फेज वीज लागत होती. एका दिवसापुरती जोडणी मागायला मी वीज कार्यालयात गेलो. खिडकीमागच्या बाईंनी कानडीत विचारलं, समारंभ कोणता? त्यांच्याकडे लग्न, देऊळ, बांधकाम आणि शूटिंग एवढे प्रकार होते. मी खरं ते सांगितलं. खरं सांगायची मला सवय आहे आणि तिचा त्रास मला पुष्कळ झाला आहे. मांस म्हटल्यावर त्यांनी मला पालिकेच्या आरोग्य विभागाकडे पाठवलं. आरोग्य विभाग म्हणाला, विकणार नसाल तर आमचा संबंध नाही, प्राण्याचा विषय आहे तर पशुसंवर्धनकडे जा. पशुसंवर्धनच्या साहेबांनी मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"बकरा जिवंत आहे?" त्यांनी विचारलं.

"त्या वेळी नसेल."

"मग आमचा नाही," ते म्हणाले, आणि त्यांना मनापासून वाईट वाटलेलं दिसलं.

राहिली सोसायटीची लिफ्ट. ती थ्री फेजवर चालते, आणि तिची वीज जिथून जाते तो फलक खाली पार्किंगमध्येच आहे. मी नागनाथांकडे गेलो. ते सज्जन गृहस्थ. बिदरकडच्या एका बँकेत नोकरी करून निवृत्त झाले. आता सोसायटीच्या बागेत सहा गुलाब आणि एक जास्वंद, एवढं त्यांचं जग.

"सर, तुमचं सगळं बरोबर हाय," नागनाथ म्हणाले. "पण पार्किंगात हाडं म्हंजे... आमची मंडळी काय म्हणतील?"

"तुमच्या मंडळींनीच मला कुकरचा सल्ला दिला."

घरात काय काय पाहिलं जातं याचा ते विचार करत असावेत. "बघा की," ते शेवटी म्हणाले, "स्वल्प लवकर उरका. वास यायला नको. आणि नोटीस बोर्डावर मांसबिंस लिहू नका."

बोर्डावर मी इंग्रजी, कानडी आणि मराठी अशा तीन भाषांत "पार्किंगमध्ये तांत्रिक काम" असं लिहिलं. त्यात असत्य काही नव्हतं. कानडीतली एक चूक कोणीतरी पेन्सिलीने दुरुस्त करून गेलं, आणि तो दिवस माझा तसाच गेला.

तोडकूच्या पहाटे पिराजी बकरा कापून घेऊन आला. त्याने मांस वेगळं केलं, हाडं वेगळी केली, आणि हाडं इतकी साफ केली की त्यांना उजेडाकडे धरून पाहावं लागत होतं. हे त्याने मुद्दाम केलं असं माझं मत आहे. रघुनंदन म्हणाला, आता या हाडांचे बारीक तुकडे करून द्या.

"मी खाटीक आहे," पिराजी म्हणाला, "खडी फोडणारा नव्हे." आणि एका स्कूटरवर बसून पुढचा तमाशा बघायला लागला.

तेव्हा रघुनंदनने हातोडा घेतला. मान फोडली, कणा फोडला, बरगड्या मोडल्या. चार नळ्यांपैकी तीन फोडून होईपर्यंत त्याचा हात खांद्यातून भरून आला होता. तोवर भावकीतले लोक डबे घेऊन जमायला लागले होते आणि प्रत्येकाने यंत्राभोवती एक फेरी मारून काही ना काही सल्ला दिला होता. एकाने यंत्राला हळदकुंकू लावलं. ते जाळीत जाईल म्हणून प्रणीतने पुसलं. त्यावरून काहींचं मन दुखावलं.

प्रणीतने बर्फ ओतला आणि बटण दाबलं. आवाज मोठा होता. रघुनंदनने वरून बरगड्या टाकल्या. एका टोकातून करड्या रंगाचा ओला चुरा पडायला लागला, आणि बाजूच्या जाळीतून, सगळीकडून एकदम, गुलाबी लगदा बाहेर आला.

तो लगदा टूथपेस्टसारखा येत होता, मऊ, चकचकीत, न थांबता. त्यात बकरा कुठे दिसत नव्हता.

"हे काय आहे?" माझ्या एका चुलत भावाने अखेर विचारलं.

"मटण," मी म्हणालो.

"कशाचं?"

"दात नसलेल्यांना बरं पडेल," दुसरा म्हणाला. स्कूटरवर पिराजीने पाय हलवायला सुरुवात केली. माझ्या ओळखीत इतका समाधानी माणूस मी त्या दिवशी पाहिला तेवढाच.

तरीही मी सांगतो, योजना यशस्वी होत होती. मान गेली, कणा गेला, फोडलेल्या तीन नळ्या गेल्या. मी काट्यावर लगदा तोलून पानांवर ठेवत होतो आणि अकराही ढीग ग्रॅमपर्यंत सारखे येत होते. अण्णांच्या डोळ्यांना हे जमलं नसतं. अक्का आली की मी तिला पानांपाशी नेणार होतो आणि एवढंच म्हणणार होतो, बघ. ती येईल की नाही याची मात्र व्यवस्था मी केलेली नव्हती. तिच्या मुलाच्या हाती निरोप धाडला होता, "या वर्षी एकाही वाट्यात हाड नाही," आणि उत्तर आलं नव्हतं.

चौथी नळी रघुनंदनने तशीच आत घातली. हात दुखत होता, असं तो नंतर म्हणाला.

यंत्रातून असा आवाज आला की पिराजी स्कूटरवरून उतरला. स्क्रू थांबला. मोटर एकदा हुंकारली, फलकावर ठिणगी उडाली आणि पार्किंगमधले दिवे गेले. अंधारात प्रणीत म्हणाला, "ओके, सो, हे एक्स्पेक्टेड नव्हतं."

जिन्यावरून भाग्यलक्ष्मी धावत खाली आली. "अहो, लिफ्ट बंद पडली. अक्का आत आहेत."

"कुठल्या अक्का?"

"तुमच्या."

"ती कशी आली?"

"मी फोन केला."

मी तिच्याकडे पाहिलं. तिने खांदे उडवले. "या, म्हटलं. येते, म्हणाल्या. झालं."

आमची लिफ्ट जुन्या पद्धतीची, जाळीच्या दाराची. ती पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यांच्या मधे अडकली होती. पहिल्या मजल्यावर उभं राहिलं की वर जाळीतून अक्काची पावलं दिसत होती, चपला, पातळाचा काठ आणि शेजारी तिची कापडी पिशवी. नागनाथ किल्ली घेऊन आले होते, पण वीज आल्याशिवाय उघडू नये असं त्यांचं म्हणणं पडलं.

"अक्का," मी पावलांना उद्देशून म्हणालो.

"कोण, बिंदू?"

"हो. घाबरू नकोस."

"मी कशाला घाबरू. स्टूल आहे इथे, बसलेय. काय झालं या लिफ्टला?"

"यंत्रात हाड अडकलं."

"लिफ्टच्या?"

"नाही. खाली दुसरं यंत्र आहे. मटणाचं."

"तोडकूला यंत्र कशाला रे?"

मग मी तिला सगळं सांगितलं. क्रमाने, काही न गाळता, तिच्या गेल्या वर्षीच्या वाक्यापासून जाळीच्या भोकांपर्यंत. पशुसंवर्धनचे साहेबही सांगितले. माझ्या मते ते निवेदन चांगलं झालं. मधे नागनाथांनी दोनदा "अय्यो" म्हटलं.

"म्हणजे मी यावं म्हणून सगळ्या बकऱ्याची हाडं काढून टाकलीस," अक्का म्हणाली.

"हो."

"मला हाडं नकोत असं कोणी सांगितलं तुला?"

"तूच म्हणालीस. हाडं मिळाली मला."

"मानेची मिळाली. बरगडीची मिळाली. नळी कुठे होती?"

मी जाळीजवळ सरकलो.

"तू झालास तेव्हा घरात सगळे पाळण्याभोवती," अक्का म्हणाली. तिचा एक पाय चपलेतून बाहेर आला आणि पुन्हा आत गेला. "मुलगा झाला, मुलगा झाला. मला कोणी जेवलीस का विचारलं नाही. त्या तोडकूला अण्णांनी पहिलं पान माझं म्हणून त्यावर नळी ठेवली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, थोरली ही. तेव्हापासून दर वर्षी. ते गेल्यावर तू ठेवायला लागलास. मला वाटलं, तुला ठाऊक आहे."

"मला वाटलं, वाटे संपले की ठेवायची असते."

"वाटे संपले की," अक्का म्हणाली. "आणि मग गेल्या वर्षी तूही नाही ठेवलीस. मोबाइलनं जे दिलं ते घेऊन जा, असं उभा राहिलास."

नागनाथ जिन्याच्या कठड्याकडे बघत होते. मी जाळीला हात लावून उभा होतो. वर बघायचं तर फक्त चपला दिसत होत्या.

"किती वर्षं होतास रे पेपरात?"

"चौतीस."

"मग एक फोन करून विचारायचं होतंस."

"बरोबर बोलताय अक्का," नागनाथ म्हणाले. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

"अक्का, माझं ऐक..." मी सुरुवात केली. तेवढ्यात खाली प्रणीतने स्क्रू हाताने उलटा फिरवून हाड मोकळं केलं, रघुनंदनने फलकाचा खटका वर केला, वीज आली, आणि लिफ्ट माझं वाक्य अर्ध्यावर टाकून अक्काला घेऊन तिसऱ्या मजल्यावर निघून गेली. मी जिन्याने गेलो. वर पोचेपर्यंत माझ्याकडे वाक्यही उरलं नव्हतं आणि श्वासही.

अक्का खिडकीजवळच्या खुर्चीपाशी उभी होती. तिने इस्त्रीचे कपडे उचलून माझ्या हातात दिले आणि बसली.

थोड्या वेळाने पिराजी दारात आला. त्याच्या हातात पानावर ती चौथी नळी होती. दोन्ही टोकं चावल्यासारखी झाली होती, मधे स्क्रूचा आटा उमटला होता, पण फुटली कुठे नव्हती. "मशीनचे दात पडले," तो अक्काला म्हणाला. "बकरा आमच्या दुकानचा होता म्हणून." मग त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि पान माझ्या हातात दिलं.

मी ते अक्कासमोर ठेवलं. तिने नळी उचलली, एका टोकातून आत पाहिलं, जसं लोक नव्या चष्म्यातून पाहतात. "आतलं आहे," ती म्हणाली. "भाग्या, सारूत टाक ही. फोडू नकोस."

खालचं सांगायचं तर, बोनलेसचे वाटे लोकांनी नेले, सारू, म्हणजे रस्सा, कशाचा करायचा असं पुटपुटत. लगद्याचे अकरा ढीग पानांवर बसून राहिले. सगळे अगदी सारखे होते. कोणी तक्रार केली नाही, आणि कोणी उचललेही नाहीत. बर्फ वितळायला लागल्यावर प्रणीतने ते डब्यात भरले आणि महादेवपुऱ्याला नेले. त्याचे सॉसेज होतील, असं तो म्हणाला, पण त्याच्या आवाजात दम नव्हता. हाडांचा चुरा मात्र नागनाथांनी मागून घेतला. गुलाबाला यासारखं खत नाही, आमच्यात चालत नाही, पण गुलाबांत चालतं, असं ते म्हणाले. या सगळ्या उद्योगातून ज्यांना काही मिळालं असे ते एकटेच.

दुपारी आम्ही जेवायला बसलो. अक्काच्या ताटात सारू आणि त्यात ती नळी. तिने ती हातात घेतली, तोंडाला लावून ओढली. मगज येईना. ताटाच्या कडेवर आपटली. आला नाही. पुन्हा आपटली, जोरात, मग आणखी जोरात. अण्णा आपटायचे तशी, मनगटातून. ताट उडत होतं. वाटीतलं लिंबू खाली पडलं. तिला कोणी थांबवलं नाही.

दाराची घंटा वाजली. शिवलीलाबाई होत्या.

"आमच्यात चालत न्हाई," त्या म्हणाल्या, "पण मशीन परत चालू केलंत काय?"

"नाही बाई," अक्का आतून म्हणाली. "हे हातानंच आहे." आणि पुन्हा आपटली.

या वेळी मगज आला. सगळा, एकदम, ताटाच्या मधोमध. अक्काने तो भातात मिसळला आणि मान खाली घालून खायला लागली. मग न बघताच म्हणाली, "पुढच्या वर्षी तो मोबाइल घरी ठेवायला सांग त्याला."

"सांगतो," मी म्हणालो, आणि माझ्या ताटातला बोनलेसचा तुकडा चावत राहिलो. तो बराच वेळ चावावा लागला. त्याला कसलीच चव नव्हती.